वीस फुटांवरचा दादा

माझ्या डोळ्यांतून पाणी येतं त्याचा दुःखाशी काहीही संबंध नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो. मागाहून सांगितलं तर कोणी ऐकून घेत नाही, असा माझा अनुभव आहे.

चहाचा लिलाव करणाऱ्या एका दलाली कंपनीत मी पत्रव्यवहार सांभाळायचो. 'आपले पत्र मिळाले, मजकूर समजला' हे वाक्य साऱ्या कोलकात्यात माझ्याइतक्या वेळा कोणी लिहिलं नसेल. मग कंपनीच बंद पडली. मजकूर समजला, आणि चोपन्नाव्या वर्षी मी लॅपटॉपसमोर बसून मुलाखती द्यायला लागलो. मुलाखत घेणारे बेंगळुरूत नाहीतर गुडगावात, आणि मी दमदमच्या फ्लॅटात, वर शर्ट-टाय आणि खाली लुंगी. लुंगीनं कधी दगा दिला नाही. दगा दिला डोळ्यांनी. पडद्याकडे थोडा वेळ टक लावून पाहिलं की ते चुरचुरायचे, मग भरून यायचे, आणि ऐन महत्त्वाच्या प्रश्नाला सरळ वाहायला लागायचे.

पहिल्या मुलाखतीला एक मुलगी होती आणि एक मुलगा. दोघांचं वय मिळून माझ्याएवढं भरलं असतं. मुलीनं विचारलं, "सर, आधीची नोकरी कशामुळे सुटली?" आणि नेमका त्याच क्षणी एक टपोरा थेंब माझ्या गालावरून खाली उतरला.

"सर, काही घाई नाही. पाणी प्या," ती म्हणाली.

"मी रडत नाहीये."

"रडण्यात काही वाईट नाही, सर."

मुलानं स्वतःचा कॅमेरा बंद केला. त्याला बहुतेक बघवेना. दोन दिवसांनी नकाराचा मेल आला. त्यात 'तुम्ही एकटे नाही' असं लिहिलं होतं आणि खाली निराश लोकांनी बोलण्यासाठी एक फोन नंबर दिला होता. मी फोन केला नाही. झर्नानं, म्हणजे माझ्या बायकोनं केला. तिनं विचारलं, तुमच्याकडे डोळ्यांचा डॉक्टर आहे का? पलीकडची बाई म्हणाली, ताई, आधी तुमच्या मनात काय आहे ते बोला. झर्ना पाऊण तास बोलली. त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी फार चांगली वागत होती.

नोकरी गेल्याचं आमच्या सोसायटीत कोणाला माहीत नव्हतं. 'घरून काम चालतं' असं मी सांगून ठेवलं होतं. लोकांची मला पर्वा नव्हती. पर्वा होती ती एकाच माणसाला कळू नये याची, आणि तो माणूस समोरच्या ए ब्लॉकमध्ये, माझ्याच मजल्यावर, माझ्याच खिडकीसमोर राहत होता. तो म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ प्रियतोष. माझा दादा. सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो, आणि त्यामुळे बौदीशी, म्हणजे वहिनीशीही नाही.

कारण वारा. वडिलांचं घर आम्ही बिल्डरला दिलं, त्यानं दोन ब्लॉक बांधले, दोघा भावांना एकेक फ्लॅट मिळाला. आता कोलकात्याचा माणूस घरात सोनं नसलं तरी चालवून घेईल, पण दक्षिणेचा वारा नाही म्हटलं की त्याचा जीव घाबरा होतो. दादानं थोरलेपणाच्या हक्कानं दक्षिणेकडचा फ्लॅट घेतला. माझी खिडकीही दक्षिणेलाच उघडते. फक्त दक्षिण आणि मी यांच्यामध्ये दादा आला. मी म्हणालो, "तू माझ्या वाटणीचा वारासुद्धा खाल्लास." तो म्हणाला, "भुटू, माझ्याशिवाय तुझं एक दिवस चालायचं नाही, लिहून ठेव." मी लिहून ठेवलं नाही, पण लक्षात ठेवलं. त्या दिवसापासून माझं त्याच्याशिवाय उत्तम चाललं होतं आणि चाललेलं त्याला दिसणं आवश्यक होतं.

तर डोळे. तळमजल्यावरच्या नृपेनबाबूंना मी सगळं खरं सांगितलं, कारण ते रेल्वेतून निवृत्त झाल्यावर होमिओपॅथी करतात, आणि होमिओपॅथीवाल्यापासून काही लपवून ठेवलं तर गोळी लागू पडत नाही म्हणे.

"आधी डावा डोळा वाहतो की उजवा?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही."

"नीट आठवून सांग. घाई करू नकोस. पाणी आंबट की खारट?"

"मी चाखून पाहिलं नाही, नृपेनदा."

"तिथंच तर तुमची पिढी चुकते. बरं, स्वप्नात पाण्याचे साठे दिसतात? लहानपणी गूळ आवडायचा? थोरल्या भावाचा राग येतो?"

शेवटच्या प्रश्नाला मी होय म्हणालो. त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांनी लगेच पुडी बांधली. मुलाखतीआधी जिभेखाली सहा गोळ्या ठेवायच्या, चावायच्या नाहीत, बोलायचं नाही. पुढच्या मुलाखतीत साहेबांनी "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं तेव्हा गोळ्या अर्ध्याच विरघळल्या होत्या. मी स्वतःबद्दल जे सांगितलं ते मलाही कळलं नाही.

मग त्यांनी निदान बदललं. दोष डोळ्यांत नाही, उजेडात आहे. पडदा मंद कर. मी इतका मंद केला की पलीकडची माणसं सावल्यांसारखी दिसायला लागली. त्या दिवशी मी फार छान बोललो. आसामच्या आणि दार्जिलिंगच्या पत्रव्यवहारातला फरक समजावून सांगितला, दोन विनोदही केले. झर्ना चहा घेऊन आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, तिकडे कोणी नाहीये. लाइन केव्हाच गेलीय." मी विनोद पूर्ण केला. अर्धवट सोडणं बरं दिसलं नसतं.

झर्नाचा विश्वास गुलाबपाण्यावर होता. तिनं कापसाच्या घड्या भिजवून माझ्या पापण्यांवर ठेवल्या आणि मी जागचा उडालो. फडताळात गुलाबपाण्याशेजारी बिर्याणीत घालायच्या केवड्याच्या पाण्याची बाटली होती, अंधारात तीच हाताला लागली होती. त्या मुलाखतीत मी टोमॅटोसारख्या लाल डोळ्यांनी बसलो, आणि अंगाला असा वास येत होता की मलाच भूक लागली. तिच्या भाचीनं ऑनलाइन साड्या विकताना तोंडासमोर लावायचा गोल दिवा आणून दिला. तो माझ्या चष्म्यात असा पडला की डोळ्यांच्या जागी दोन पांढरी कडी दिसू लागली. मुलाखत घेणारा भला माणूस होता. "सर, तुम्हाला आम्ही दिसतोय ना?" एवढंच त्यानं तीन वेळा विचारलं.

शेवटी सरकारी रुग्णालयात गेलो. पहिल्या खिडकीनं सांगितलं, दुसऱ्या खिडकीचा शिक्का आणा. दुसरीनं सांगितलं, आधी डोळ्यांत थेंब घालून या. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातल्यावर मला खिडक्यांवरच्या पाट्याच वाचता येईनात. धूसर उजेडात एका रांगेत इमानानं दोन तास उभा राहिलो. ती कानाची निघाली. कानाच्या डॉक्टरांनी माझे दोन्ही कान उत्तम असल्याचं लिहून दिलं, ते मी जपून ठेवलं आहे. डोळ्यांचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी भेटले. तरुण होते. यंत्रातून पाहत म्हणाले, "तुमचे डोळे कोरडे आहेत."

"डॉक्टर, ते वाहतायत."

"कोरडे आहेत म्हणूनच वाहतायत. पडद्याकडे पाहताना तुम्ही पापणी मिटायची विसरता. डोळा वाळतो, घाबरतो आणि भलभलतं पाणी सोडतो." त्यांनी थेंबांची एक बाटली लिहून दिली. औषधाचं नाव 'कृत्रिम अश्रू'. म्हणजे रडतो म्हणून ज्याला नोकरी मिळत नव्हती त्यानं आता अश्रू विकत घ्यायचे होते. "आणि एक नियम पाळा," ते म्हणाले. "दर वीस मिनिटांनी, वीस फूट लांबच्या एखाद्या वस्तूकडे, वीस सेकंद पाहायचं. मुलाखत चालू असली तरी पाहायचं."

नियम सोपा वाटला. पण दमदमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटात वीस फूट लांब काय असतं? भिंतीपासून भिंतीपर्यंत कुठूनही मोजा, मधे कपाट येतं. नृपेनबाबू मोजपट्टी घेऊन आले. आम्ही दोघं पलंगावरून, टेबलाखालून, न्हाणीघराच्या दारातून मोजत फिरलो. अखेर त्यांनी पूजेच्या मांडवाचा एक लांब बांबू आणला आणि माझ्या खिडकीतून बाहेर सरकवला. बांबू समोरच्या गजावर टक्कन आपटला.

"वीस फूट. वर दोन इंच," नृपेनबाबू समाधानानं म्हणाले.

तो गज दादाच्या खिडकीचा होता. आवाज ऐकून दादा खिडकीत आला. बांबूच्या त्या टोकाला तो आणि या टोकाला मी. त्यानं बांबूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खिडकी धाडकन लावून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून मी नियम सुरू केला. टेबलावर गजराचं घड्याळ ठेवलं. गजर झाला की आधी डोळ्यांत थेंब, मग मान वर, समोर पाहणं. दादाला वाटलं मी त्याला चिडवतोय. त्यानं खिडकीवर ओला पंचा वाळत घातला. मी पंचाकडे पाहिलं. त्यानं पंचा काढून रजई टाकली. मी रजईकडे पाहिलं. मला काय, मला वीस फुटांशी मतलब. पण हे दोघा भावांत राहिलं असतं तर बरं झालं असतं. दादाच्या वरच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी रक्षितबाबू राहतात, आणि मिसेस रक्षितांना बाल्कनीत केस वाळवत उभं राहायची सवय आहे.

महिन्याच्या सभेच्या विषयपत्रिकेत पाण्याचा पंप, जिन्यातली मांजरं आणि 'बी ब्लॉकमधून ए ब्लॉककडे एकटक पाहणे' असे तीन विषय होते. खाली स्कूटरींच्या मधे प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पंप आणि मांजरं पाच मिनिटांत उरकली, एरवी त्यांना दीड तास लागतो.

"परितोषबाबू," रक्षितबाबू खाकरून म्हणाले, "तुम्ही दिवसभर आमच्या मिसेसकडे पाहता अशी तक्रार आहे."

"मी त्यांच्याकडे मुळीच पाहत नाही!"

"मुळीच नाही म्हणजे?" मिसेस रक्षितांनी विचारलं.

"म्हणजे तुम्ही मला दिसतच नाही."

"ऐकलंत? मी यांना दिसतच नाही म्हणे! रोज अर्धा तास उभी असते मी तिथं!"

सभेत कुजबुज झाली. सहानुभूती होती ती सगळी त्यांच्याकडे गेली. "मग तुम्ही पाहता तरी कोणाकडे?" रक्षितबाबूंनी विचारलं.

नृपेनबाबू माझ्या कानाशी पुटपुटले, "सांगू का डोळ्यांचं?" मी त्यांच्या पायावर पाय दिला. डोळ्यांचं सांगितलं की लॅपटॉपचं आलं, लॅपटॉपचं आलं की मुलाखतीचं आलं, आणि शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून, दादा बसला होता.

"दादाकडे," मी म्हणालो.

"कोणाच्या दादाकडे?"

"माझ्या."

"रोज?"

"दर वीस मिनिटांनी."

मला वाटलं होतं लोक हसतील. कोणी हसलं नाही. मिसेस रक्षितांनी पदर सावरला. "कशासाठी?" रक्षितबाबूंनी अगदी हळू विचारलं.

"असंच."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दादा उठून चालला होता. चष्मा काढून तो लुंगीच्या टोकाला पुसत होता, आणि चष्म्याशिवाय दिसत नसल्यानं एका स्कूटरवर धडकला. विषय तहकूब झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रजई नव्हती. खिडकी उघडी होती आणि गजांपाशी वेताची खुर्ची होती. माझा गजर झाला, मी मान वर केली, तर दादा चहाचा कप घेऊन खुर्चीत बसलेला. त्यानं पाहिलं. मीही पाहिलं. वीस सेकंद हा फार मोठा वेळ असतो. कोणाकडे इतका वेळ पाहायची वेळ आपल्यावर येत नाही. सहा वर्षांत जिन्यात, बाजारात मी त्याला कितीदा ओलांडून गेलो होतो, पण पाहिलं नव्हतं. त्याचे खालचे दात गेले होते. मान बारीक झाली होती. कप तो दोन्ही हातांनी धरत होता. हा माणूस मला खांद्यावर बसवून दुर्गापूजेच्या गर्दीतून न्यायचा, आणि मी त्याचे कान धरून त्याला डावीकडे-उजवीकडे वळवायचो. आता तेच कान दोन्ही बाजूंना मोठे मोठे दिसत होते.

मग रोजचंच झालं. गजर झाला की तो खुर्चीत येऊन बसायचा. आमच्या दोघांमध्ये एक शब्द नाही. कधी तो वर्तमानपत्र वाचत असल्याचं दाखवायचा, पण पान उलटायचं विसरायचा. माझे थेंब कधी जास्त पडायचे आणि मान वर करेपर्यंत गालांवरून ओघळायचे. बाटली टेबलावर, खिडकीच्या खालच्या बाजूला असायची. वीस फुटांवरून बाटली दिसत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

माघ संपत आला असताना एका बऱ्या कंपनीची मुलाखत आली. गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायची, घरबसल्या. म्हणजे 'आपले पत्र मिळाले' लिहायला त्यांना माणूस हवा होता आणि तो माणूस मी होतो. झर्ना सकाळीच देवळात जाऊन आली. आमच्याकडे उरलेल्या दिवसांचा हिशेब ती मला सांगत नव्हती, पण रोजची मासळी आता रविवारपुरती झाली होती. ही नोकरी मिळायलाच हवी होती.

पडद्यावर माझ्याच वयाच्या एक बाई होत्या आणि दोन पुरुष. सगळं सुरेख चाललं होतं. डोळे शांत होते. वेळ झाली तशी मी विचारवंतासारखा चेहरा करून हळूच खिडकीकडे पाहिलं. थेंब नुकतेच घातले होते. समोर दादा खुर्चीत नव्हता. गज धरून उभा होता.

"भुटू! ए भुटू!"

मी पडद्याकडे मान वळवली.

"भुटू, रडतोस कशाला रे असा रोज? काय झालंय? कोणी काही बोललं का तुला?" त्याला दम लागत होता, पण आवाज तोच, मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचणारा. "ये इकडे. तुझी बौदी केळफुलाची भाजी करतेय, कोळंबी घालून. जेवायलाच ये. ऐकलंस का?"

पडद्यावरच्या बाई थांबल्या. "तुम्हाला कोणी बोलावतंय का?"

"नाही, नाही. शेजारी आहेत," मी म्हणालो. "आपण चालू ठेवू या."

आणि पडद्यावरची नजर न हलवता मी डावा हात खिडकीकडे केला, पंजा उघडा. थांब. दादानं तो पाहिला असावा, कारण हाक पुन्हा आली नाही. मी 'शेजारी' म्हणालो ते त्यानं ऐकलं की नाही, ते मला कळलेलं नाही. वीस फूट काही फार लांब नसतं.

मोठे साहेब येतायत, थांबा, असं म्हणून त्यांनी मला बराच वेळ बसवून ठेवलं. सगळं संपून मी खिडकीत आलो तेव्हा वेताची खुर्ची रिकामी होती. स्वयंपाकघरातून झर्ना धावत आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "अहो, जा ना लगेच! वाट बघत असतील जेवायची."

"रिकाम्या हातानं? सहा वर्षांनी?"

झर्ना थबकली. ती तरी काय करणार, तीही आमच्याच शहरातली. सहा वर्षांनी भावाच्या दारात उभं राहायचं आणि हातात मिठाईची पेटी नाही, असं कसं चालेल? "हो, तेही खरंच," ती म्हणाली. मी लुंगी बदलून पँट घातली आणि निघालो. दादाला लहानपणापासून एकाच दुकानाचे नव्या गुळाचे संदेश लागतात. दुकानाचं फळीदार दार बंद होतं. दुपारी ते झोपतात. त्या गल्लीतली सगळीच दुकानं दुपारी झोपतात, आणि दुपारची झोप मोडून मिठाई मागायची आमच्यात पद्धत नाही. मी पायरीवर बसून राहिलो. नृपेनबाबू पिशवी घेऊन चालले होते, म्हणाले, चौकातलं दुकान उघडं आहे. मी म्हणालो, दादा तिथलं खात नाही. हे सांगताना मला इतकं बरं वाटलं की मी ते दोनदा सांगितलं. दादा तिथलं खात नाही, नृपेनदा. काय काय बोलायचं ते मी पायरीवर बसून ठरवत होतो. नोकरी गेल्याचं सांगायचं ठरवलं. वाऱ्याचा विषय काढायचा नाही असं ठरवलं.

फळ्या निघाल्या. पहिलं गिऱ्हाईक मीच. पेटीवर दोरी बांधून घेतली आणि जवळजवळ पळतच आलो. ए ब्लॉकच्या फाटकाशी माणसं उभी होती. रक्षितबाबूंनी माझा दंड धरला आणि तेवढ्यात मला वरून बौदीचा आवाज ऐकू आला.

दादा जेवून दुपारचा आडवा झाला होता. बौदी चहासाठी उठवायला गेल्या तर उठला नाही. स्वयंपाकघरात एक ताट झाकून ठेवलेलं होतं. मी दादाच्या उशाशी उभा होतो आणि मिठाईची पेटी माझ्या हातात तशीच होती. ती शेवटी कोणीतरी माझ्या हातातून काढून घेतली.

दादाला मूलबाळ नाही, म्हणून अग्नी मीच द्यायचा होता. घाटावर विजेच्या भट्टीला रांग होती. तिथंही खिडकी, तिथंही शिक्का. आणि मला रडू येत नव्हतं. वर्षभर कोणी न विचारता वाहणारे माझे डोळे त्या दिवशी वाळूसारखे कोरडे होते. पलीकडच्या लाकडांच्या चितांच्या धुरानं ते इतके जळायला लागले की उघडता येईनात, तेव्हा मी खांबामागे जाऊन खिशातली बाटली काढली आणि थेंब घातले. वळलो तर मिसेस रक्षित आणि आणखी दोघं-तिघं उभे.

"बाटलीतले," मिसेस रक्षित शेजारच्या बाईला म्हणाल्या. "सख्ख्या भावासाठी. बाटलीतले आणलेत."

"औषध आहे ते!" नृपेनबाबू ओरडले. "डॉक्टरांनी लिहून दिलेत कृत्रिम अश्रू! चिठ्ठी आहे!"

ते माझ्या बाजूनं बोलत होते. माझा नंबर पुकारला गेला आणि मी पुढे झालो.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी मेल आला. नोकरी मिळाली होती. का निवड झाली तेही त्या बाईंनी लिहिलं होतं: 'बाहेरून कोणी सारखे हाका मारत असतानाही उमेदवाराचे लक्ष जराही विचलित झाले नाही. हा गुण दुर्मीळ आहे.' मी ते वाचलं. झर्नाला वाचून दाखवलं नाही.

सुतक फिटून मासे खायच्या दिवशी बौदीनं मला जेवायला बोलावलं. माझं डोकं तुळतुळीत होतं. त्यांनी केळफुलाची भाजी केली होती, कोळंबी घालून. मी खात होतो आणि त्या समोर बसल्या होत्या.

"ठाकुरपो, एक विचारू?" त्या म्हणाल्या. धाकट्या दिराला त्या अजून ठाकुरपोच म्हणतात. "त्या सभेहून आले तेव्हा लहान पोरासारखे खूश होते. म्हणाले, भुटू माझ्याकडे पाहतो, सगळ्यांसमोर बोलला. मग रोज तुझा गजर ऐकला की काम टाकून खिडकीत जायचे. परत आले की एकच लावायचे, तो रडतो गं, का रडत असेल? मी म्हणायची, विचारा. म्हणायचे, मी थोरला, मी कसं आधी बोलू? शेवटच्या दिवशी आत येऊन म्हणाले, तो कामात आहे, हात केलाय, येईल. ताट काढून ठेव." त्यांनी पदर तोंडाला लावला. "त्यांना कळायचं राहिलं. मला तरी सांग. तू त्यांच्यासाठीच रडायचास ना?"

डॉक्टर, कोरडा डोळा, वीस फूट, बांबू. समोर झाड असतं तर मी झाडाकडे पाहिलं असतं. सगळं अगदी ओठांवर होतं. पानातल्या भाजीकडे मी पाहिलं.

"हो, बौदी," मी म्हणालो. "दादासाठीच."

"वाटलंच मला," त्या म्हणाल्या आणि आणखी भाजी वाढायला उठल्या. मी मान खाली घालून जेवत राहिलो, आणि डोळ्यांतलं पाणी भातात पडायला लागलं. बाटली त्या दिवशी घरी राहिली होती.

सोमवारी मी कामावर रुजू झालो. बौदीला बंद घरात करमत नाही. त्या सगळी दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवतात, त्यामुळे फाल्गुन लागल्यापासून दक्षिणेचा वारा दादाच्या घरातून सरळ माझ्या टेबलावर येतो. कागद उडतात. वेताची खुर्ची त्यांनी हलवलेली नाही. परवा डोळे दाखवायला गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, वाऱ्यानं डोळे आणखी कोरडे पडतील, समोरची खिडकी बंद ठेवत जा. मी बरं म्हणालो. घरी आलो, गजर लावला आणि खिडकी उघडली.